अलिबागेहून फिलाडेल्फियास : एक अपुरे अंदाजपत्रक

आमच्या व्यवसायबंधूंची मुले-मुली आता उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी परदेशी जाऊ लागली आहेत. विमानभाडे, व्हिसा, विमा यांचे हिशेब घरोघरी मांडले जातात. वैद्यकीय पदवीसाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी विवाहानंतर काही काळ आपल्या अलिबागेस होत्या; गोपाळराव तेथे टपाल खात्यात नोकरीस होते.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. भाड्यासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या, बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणानंतर वर्गणी जमली, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही २०० रुपये दिले. जमेची बाजू अशी उभी राहिली. खर्चाच्या बाजूस एक बाब मात्र कोणी मांडली नाही, ती म्हणजे थंडी. फिलाडेल्फियातील खोलीची शेगडी धुरकट. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा! साडी व शाकाहार त्यांनी सोडला नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात निधन झाले, वयाच्या एकविसाव्या वर्षी.

देश, काल, सात्म्य यांची चौकशी आपण रुग्णाकडे करतो. प्रवासास निघालेल्या स्वतःच्या मुलाकडे करीत नाही. उत्तर युरोपात जूनमधील रात्रही मुरूड-श्रीवर्धनच्या मुलास गारठवते. म्हणून आमच्या मते अंदाजपत्रकात निवास व ऊब प्रथम, स्वयंपाकाची सोय त्यानंतर आणि खरेदी सर्वांत शेवटी असावी. सोबत औषधे देताना पारद वा नागयुक्त कल्प पेटीत मुळीच घालू नयेत. सुंठ, ओवा, हिंग्वाष्टक पुरे. तेही सीलबंद, नावाच्या चिठ्ठीसह, आणि त्या देशाचे नियम आधी पाहून.