पद्मिनी का तापते?

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून धावतात, आणि त्यांच्याबद्दलची जुनी तक्रारही धावते आहे: गाडी तापते. सिग्नलवर जरा अडकली की काटा वर सरकू लागतो, घाटात झाकणाखालून पाणी फेकते. यावर हल्ली सर्रास सुचवला जाणारा इलाज म्हणजे मूळ रेडिएटर भंगारात घालून त्या जागी मोठा, चकचकीत ॲल्युमिनियमचा बसवायचा. आणि त्याहून जुना, फुकटातला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकायचा. मला हे दोन्ही इलाज रोग न तपासता दिलेले वाटतात. या गाडीची पाण्याची बाजू मूळ स्थितीत आणली तर ती आजही पुरेशी आहे. खरी उणीव आहे ती वाऱ्याच्या बाजूला, आणि सुधारणेवर पैसे घालायचेच असतील तर ते तिथे घालावेत.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ताकद साधारण ४० अश्वशक्ती, म्हणजे ३० किलोवॅट. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा की इंधनातल्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास चाकांच्या कामी येते, जवळपास तेवढीच धुराबरोबर जाते आणि तेवढीच पाण्याला बाहेर न्यावी लागते. म्हणजे पूर्ण जोर लावून घाट चढताना रेडिएटरला ३० किलोवॅटच्या घरातली उष्णता झटकावी लागते. तीच गाडी सिग्नलला नुसती गुरगुरत उभी असते तेव्हा पाण्यात जाणारी उष्णता त्याच्या एका लहान हिश्शाएवढीच असते. म्हणून जी गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड राहते आणि फक्त गर्दीत तापते, तिचा रेडिएटर लहान आहे हे म्हणणं टिकत नाही. त्याला वारा मिळत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. उलट, जी वेगात किंवा चढावर तापते तिची पाण्याची वाट कुठेतरी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.

ही तुंबलेली वाट प्रत्यक्ष पाहायची असेल तर ब्लॉकच्या अंगचा ड्रेन कॉक उघडावा. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी प्यायलेल्या इंजिनात पुष्कळदा तिथून थेंबही येत नाही. भोकात तार घालून खुपसलं की आधी विटकरी रंगाचा चिखल लोंबतो, मग खवले पडतात आणि मग कुठे गढूळ धार लागते. हा गंज आणि क्षारांचा गाळ ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः पाणी मंद फिरतं त्या मागच्या सिलिंडरभोवती साचतो, आणि क्षाराचा थर बिडाच्या मानाने उष्णतेचा फारच वाईट वाहक असतो. अशा इंजिनाला दुप्पट रेडिएटर लावला तरी उष्णता मुळात पाण्यापर्यंत पोहोचायलाच अडते. तेव्हा पहिलं काम ब्लॉक उलट्या दिशेने धुऊन काढणं. दुसरं, रेडिएटरच्या टाक्या उकलून नळ्यांतून सळई फिरवणं आणि पुन्हा डाग देणं. तिसरं, पाण्याच्या पंपातलं झिजलेलं इम्पेलर आणि सील बदलणं. मग पाण्याऐवजी एक-तृतीयांश कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नसते, त्यामुळे निम्मं-निम्मं मिश्रण कशाला? कूलंटमधलं ग्लायकॉल जितकं जास्त, तितकी उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी. पण गंजरोधक हवेतच, कारण बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

थर्मोस्टॅटचं म्हणाल तर ‘आपल्या हवेत त्याची गरजच काय’ हा मेकॅनिक मंडळींचा युक्तिवाद वरवर पटतो. पण ८०-८५ अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट तापलेल्या गाडीत उघडाच असतो. तो काढून फार काही मिळत नाही. नुकसान मात्र नक्की होतं. मोकळ्या रस्त्यावर इंजिन गार राहतं, पेट्रोल तेलात उतरतं, सिलिंडर झिजतात. शंका असेल तर तो गरम पाण्यात टाकून उघडतो का ते पाहावं आणि उघडत नसेल तर नवा घालावा.

मूळ रेडिएटरच ठेवण्यावर खरा आक्षेप हवामानाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर धरलं तर २० अंशांच्या हवेत फरक ७० चा, विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या ४५ अंशांत ४५ चा. म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ दोन-तृतीयांश कामाचा उरतो. पण ही तूट रेडिएटर न बदलताही भरून काढता येते. ७ पाउंड दाब नीट धरणारं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांपर्यंत नेतं. त्याहून जास्त दाबाचं झाकण जुन्या डागांवर लादू नये. आणि उभ्या गाडीचा प्रश्न सुटतो तो पंख्याने. मूळ पंखा पंपाच्या दांड्यावर, पट्ट्याने फिरणारा. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आलं की तोही मंदावतो, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा वारा सर्वांत कमी. आणि वेगात, जेव्हा समोरून हवा फुकट येते, तेव्हा तो उगाच ताकद खातो. तापमानाच्या स्विचवर चालणारा विजेचा पंखा हे उलटं गणित सुलट करतो. त्याच्याभोवती रेडिएटरला चिकटून बसणारं पत्र्याचं आवरण हवं, नाहीतर पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बॉनेटखालची तीच गरम हवा फिरवत बसतो. कित्येक गाड्यांत हे आवरण कधीच गहाळ झालेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर निकामी असतो असं मी म्हणत नाही. तो हलका असतो आणि रुंद नळ्यांमुळे चांगलं कामही करतो. पण धातू म्हणून तांबं ॲल्युमिनियमपेक्षा बरंच चांगलं उष्णतावाहक आहे, आणि पितळ-तांब्याच्या रेडिएटरला गळती लागली तर कुठल्याही गावचा रेडिएटरवाला डाग देऊन तो दुरुस्त करतो. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो तो गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली तरच. रेडिएटर बदलला म्हणून कुणी नोंदणी नाकारेल असं नाही. पण पुढची पट्टी कापून, ब्रॅकेट वेल्ड करून बसवलेली वस्तू परत काढता येत नाही. नटबोल्टावर बसवलेला पंखा अर्ध्या तासात उतरतो.

पंख्याचीही किंमत आहे, फक्त ती विजेत मोजावी लागते. तो १० अँपिअरच्या आसपास ओढतो. डायनॅमोची गाडी असेल तर मंद चालीवर चार्जिंग जवळजवळ नसतंच, आणि रात्री दिव्यांसह गर्दीत अडकलं की बॅटरी उतरते. म्हणून आधी अल्टरनेटर, जाड वायर, रिले आणि फ्यूज, मग पंखा. हा क्रम उलटा करणाऱ्याची गाडी तापत नाही, पण सुरूही होत नाही. आणि एअरकंडिशनर बसवलेली पद्मिनी असेल तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, आधीच तापलेली हवा मागे सोडतो आणि कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर येतो तो वेगळाच. तिथे जास्त ओळींचा कोअर बनवून घेणं रास्त आहे. तोही जुन्याच टाक्यांत, तांब्याचा.