फोडणीचा वास आणि माशाचा मेंदू

सकाळी प्रयोगशाळेतले दिवे लागले की झेब्राफिश अंडी घालते. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसणारं. पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत हृदय धडधडत असतं. ही मासोळी मूळची आपल्याच उपखंडातली, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारी. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात तिची नोंद केली. दीडशे वर्षांनी ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगरने तिला प्रयोगशाळेत मानाचं पान वाढलं.

साधारण अठराव्या तासाला भ्रूणाच्या डोक्याकडे वरून पाहिलं, तर कानाच्या जागेजवळ शेंगेतल्या दाण्यांसारखे सात फुगवटे ओळीने दिसतात. हा पश्चमेंदू. श्वास, गिळणं, तोल, चेहऱ्याचे स्नायू हा सगळा कारभार पुढे इथूनच चालतो. फुगवट्यांना ऱ्होंबोमिअर म्हणतात; आपण सोयीसाठी कप्पे म्हणू. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात आपल्यालाही असेच कप्पे पडतात आणि नंतर पुसले जातात.

त्यातला माझा लाडका चौथा. त्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन थोराड चेतापेशी असतात, माउथनर पेशी. दोनच, आणि याच कप्प्यात. प्रत्येकीचा लांब तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूने थेट शेपटीकडे जातो. पाण्यात धक्का बसला की यांतली एक पेशी पेटते, विरुद्ध बाजूचे स्नायू एकदम आवळतात आणि मासा चंद्रकोरीसारखा वळून निसटतो. सगळा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सुरू होतो.

आता गंमत अशी, की पेशीला डोळे नाहीत, तिला मोजता येत नाही. मग आपण चौथ्या कप्प्यात आहोत हे तिला कळतं कसं?

जुन्या वाड्यात स्वयंपाकघरात फोडणी पडली की माजघरात ठसका लागतो, ओटीवर नुसती चाहूल लागते आणि अंगणात काहीच नाही. डोळे मिटूनही आपण कुठल्या खोलीत आहोत ते नाकाला कळतं. भ्रूणातली फोडणी म्हणजे रेटिनॉइक आम्ल, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक छोटासा रेणू. पश्चमेंदूच्या मागच्या टोकाशेजारी, पुढे ज्यांचे स्नायू होणार त्या पेशींमध्ये तो तयार होतो. पुढच्या बाजूला त्याचा फडशा पाडणारी विकरं बसलेली असतात. त्यामुळे मागून पुढे वास विरळ होत जातो. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये चमकणारे प्रथिन-संवेदक वापरून हा उतार जिवंत भ्रूणात प्रत्यक्ष पाहिला.

आम्ल बनवणारं जनुक बिघडलेल्या माशाच्या वाणाला शास्त्रज्ञांनी ‘नेकलेस’, म्हणजे बिनमानेचा, असं नाव दिलं. आम्ल नष्ट करणारं जनुक बिघडलेला तो ‘जिराफ’. (नावं ठेवण्यात ही मंडळी पुण्याच्या पेठांना हार जात नाहीत.) आणि बाहेरून जास्तीचं आम्ल पाण्यात घातलं, तर माउथनर पेशी नेहमीच्या जागेच्या पुढेही उगवते. वास चुकला, की पत्ता चुकला.

पेशी वासाची नोंद करते ती कप्प्याची ओळख ठरवणारी हॉक्स जनुकं चालू करून. पण एकटा वास पुरत नाही. चौथा कप्पा सर्वांत आधी आकार घेतो आणि मग स्वतःच एफजीएफ नावाची प्रथिनं सोडून शेजाऱ्यांना घडवू लागतो. ती अडवली, तर पाचवा-सहावा कप्पा नीट उभाच राहत नाही.

तरीही चुका होतातच, कारण वास कधी भिंत घालून थांबत नाही. तिसऱ्या आणि पाचव्या कप्प्यात क्रॉक्स२० हे जनुक चालू असतं. भ्रूण जांभळ्या रंगाने रंगवला तर त्याचे दोन पट्टे उठतात. सुरुवातीला कडा फाटक्या, काही जांभळ्या पेशी चौथ्याच्या हद्दीत. काही तासांनी पाहावं तर पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ. काही पेशी परक्यांना अंगाला लावून घेत नाहीत आणि सरकत आपल्या जागी जातात. पृष्ठभागावरची एफ आणि एफ्रिन ही प्रथिनं त्यांना ढकलतात. उरलेल्या तिथेच राहून शेजाऱ्यांसारख्या होतात. पवळ्याला ढवळ्याचा गुण लागतो हे आपण ऐकून आहोत, इथे वाणही बदलतो.

२००२ मध्ये सिएटलमध्ये सेसिलिया मोएन्स यांच्या गटाने हॉक्स प्रथिनांचे जोडीदार, पीबीएक्स, काढून टाकले. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळे कप्पे पहिल्यासारखे झाले. म्हणजे मुळात सगळी एकच खोली. निरोप आले तरच भिंती उभ्या राहतात. इतका साधा निकाल इतक्या गुंतागुंतीतून निघावा याचं मला अजून नवल वाटतं.

मुरुमांवर दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी भ्रूणातल्या या फोडणीची, म्हणजे रेटिनॉइक आम्लाची, सख्खी बहीण. गर्भारपणात ती पोटात गेली, तर बाळाचे कान, चेहरा आणि पश्चमेंदू यांच्या घडणीत गंभीर दोष येऊ शकतात. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पाकिटातली गोळी कुणी घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर मूल होऊ देण्याचा विचार आहे की नाही हे त्यांना आधी सांगावं.