कार्बनचा पैसा कुणाच्या सातबाऱ्यावर?

झाडाने किंवा मातीने एक टन कार्बन डायऑक्साईड शोषून धरला की एक कार्बन क्रेडिट तयार होते. धूर सोडणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. बांधावर बांबू लावा, फळबाग करा, पाचट जाळू नका, क्रेडिट विका, असे आता शेतकऱ्याला सांगितले जाते. योजनेला आमचा विरोध नाही. पण करार होतो तो जमीनमालकाशी. झाडाला पाणी घालणाऱ्या मजुराचे त्यात नाव कुठे?

१९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणारे कित्येकजण आजही सातबाऱ्याबाहेरच आहेत. उद्या त्याच गायरानावर क्रेडिटसाठी झाडे लावायची म्हणून त्यांना उठवले तर?

ज्यांच्याकडे एकर-दोन एकर आहे, त्यांनीही सही करण्यापूर्वी विचारावे: झाड किती वर्षे तोडता येणार नाही? मोजणीचा खर्च कुणाचा? कंपनीचा वाटा किती? जुनी झाडे सहसा धरली जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. शासनाने मात्र आधी गायरान कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर चढवावीत. झाडे त्यानंतर.