मालवणच्या समुद्रातले व्हिडिओ डेटाबेसमध्ये ठेवावेत का?

समजा, १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांचे पाण्याखालचे व्हिडिओ जपायचे आहेत. ते थेट डेटाबेसमध्ये टाकता येतात, पण मर्यादा आहे: पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘बायटिया’ कॉलममध्ये १ जीबी, मायएसक्यूएलच्या ‘लाँगब्लॉब’मध्ये ४ जीबी.

खरी अडचण बॅकअपची. व्हिडिओ बदलले नाहीत, तरी प्रत्येक पूर्ण बॅकअपमध्ये ते पुन्हा कॉपी होतात. म्हणून मोठ्या फाइली बाहेर ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता, तारीख आणि चेकसम नोंदवतात. बॅकअप घेताना आधी डेटाबेस, मग फाइली. म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही, असं सहसा होत नाही.

मे २०२१च्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गाला झोडपलं होतं. त्यामुळे एक प्रत जिल्ह्याबाहेर हवीच. आणि ती अधूनमधून उघडूनही बघावी.