चार तिकिटे एकदम की वेगवेगळी?

कापडाचे तागे जास्त उचलले की भाव उतरतो. विमानाच्या तिकिटात पुष्कळदा उलटे घडते, हे आम्ही मस्तगडचे व्यापारी सहसा ध्यानात घेत नाही.

विमान कंपनी एकाच वर्गातील जागा निरनिराळ्या दरांत वाटून ठेवते. समजा, मुंबई-जेद्दाच्या स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या आणि आम्ही उमऱ्यासाठी चार मागितल्या. संगणक दोन स्वस्त, दोन महाग असा हिशेब सहसा करीत नाही. चौघांनाही वरचा दर लावतो. १८ व २१ हजार असे दर धरले तर ८४ हजार. दोन-दोन काढल्यास ७८ हजार. ६ हजार काही थोडे नव्हेत!

म्हणून ऑनलाइन आधी एकाचा दर पाहावा, मग दोघांचा, मग सर्वांचा. माणशी दर चढत असेल तरच तिकिटे फोडावीत, आणि तीही लागोपाठ काढावीत. मध्ये वेळ गेला की दर बदलतो.

मात्र पीएनआर वेगळे झाले की कंपनीच्या लेखी प्रवासीही वेगळे. उड्डाण रद्द झाल्यास अर्धे घर एका विमानात, अर्धे दुसऱ्यात, असे होऊ शकते. लहान मुले व वृद्ध आईवडील यांचे तिकीट सांभाळणाऱ्याबरोबरच काढावे, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.