फोन एकाचा, अॅप दुसऱ्याचे

मिरकरवाड्यात मासळी घ्या की मारुती मंदिरापाशी भाजी, पैसे आता मोबाईलवरून. बहुतेकांचा फोन अॅण्ड्रॉइडचा, म्हणजे गुगलच्या प्रणालीचा. गुगलची अॅप्स त्यात आधीच भरलेली. तरीही अनेकजण पैसे द्यायला फोनपे उघडतात, जे वॉलमार्टच्या ताब्यातले. निरोपाला व्हॉट्सअॅप, ते मेटाचे. असे का?

आम्ही कारकून माणसे, आधी हिशेब पाहतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसा बँकेतून थेट बँकेत जातो. अॅप हा नुसता निरोप्या. मासळीवाल्या ताईंचे अॅप एक, गिऱ्हाइकाचे दुसरे, तरी अडत नाही. मग शेजारी जे वापरतो, मुलगी जे शिकवते, तेच आपण धरतो. कंपनी कोणाची, हे विचारतो कोण?

याच यूपीआयवर ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ आले. नाव बाबासाहेबांचे, त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. आमच्या वस्तीत मात्र ते क्वचितच दिसते. खाजगी कंपन्यांनी बक्षिसे वाटली, दुकानोदुकानी बोलके डबे बसवले; भीम मागे पडले. त्यासाठी कुणाला बोल लावणे आम्हाला पटत नाही. पण दोनच कंपन्यांकडे देशातले बहुतेक व्यवहार जाणे बरे नव्हे. एकाकडे ३० टक्क्यांहून अधिक नकोत, असे २०२० साली ठरले. मुदत मात्र २०२६ अखेरपर्यंत ढकलली गेली.

भीम घेऊन पाहायचे असेल त्यांनी बिचकू नये. खाते तेच, यूपीआय पिनही तोच चालतो.