न पोहणाऱ्यांचा नौकाविहार

शहरातल्या मराठी मध्यमवर्गीय माणसाचे पाण्याशी असलेले नाते बहुधा नळाच्या वेळेपुरते असते. विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेली पिढी गावाकडे राहिली. आम्हा लोकांना तळे म्हटले की आठवतो तो काठ, काठावरचे बाक आणि बाकावर बसून खाल्लेली भेळ. फार झाले तर महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्यात तासभर भाड्याची होडी. आणि ती वल्हवणारा बहुधा दुसराच कोणी! अशा माणसाला कोणी सांगितले की, अमेरिकेतल्या एका रखरखीत वाळवंटात स्वतःच्या हाताने नाव वल्हवीत, उभ्या कड्यांच्या मधून अर्धा दिवस हिंडून येता येते, आणि त्यासाठी पट्टीचे पोहणारे असावे लागत नाही, तर तो सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहील. मीही तसेच पाहिले होते.

या तळ्याचे नाव लेक पॉवेल. ॲरिझोना आणि युटा या दोन राज्यांच्या सीमेवर ते पसरले आहे. माझी थोरली बहीण फीनिक्सला असते. तेथून उत्तरेला मोटारीने साडेचार-पाच तास गेले की पेज नावाचे गाव लागते. हे गावच मुळी १९५७ साली धरणाच्या कामासाठी वसविलेले. पाऊस म्हणाल तर वर्षाकाठी सहा-सात इंच; म्हणजे आपल्या कोकणात एखाद्या दिवसात पडतो तेवढा! मग पाणी येते कोठून? ते येते शेकडो मैलांवरच्या रॉकी पर्वतातले बर्फ वितळून, कोलोरॅडो नदीच्या वाटेने. या नदीवर ग्लेन कॅनियन नावाच्या दरीत ७१० फूट उंचीचे धरण बांधले आणि १३ मार्च १९६३ रोजी पाणी अडविण्यास आरंभ केला. आपल्याकडे कोयनेचे धरण उभे राहत होते, तोच हा काळ. दरी काठोकाठ भरायला मात्र २२ जून १९८० उजाडला. सतरा वर्षे!

नवशिक्यांची सोय झाली ती या भरण्यातूनच. मुख्य दरीला दोन्ही बाजूंनी शंभराच्या जवळपास मोठ्या घळी येऊन मिळतात. नदीचे पाणी चढले तसे ते प्रत्येक घळीत मागे मागे सरकत गेले. त्यामुळे तलाव पूर्ण भरला असता त्याची लांबी १८६ मैल, तर काठाची लांबी १,९६० मैल होते. या घळी म्हणजे पाण्याच्या गल्ल्याच होत. दोन्ही अंगांना खडकाच्या भिंती, वाऱ्याला फारसा वाव नाही, प्रवाह जवळजवळ नाही. हमरस्त्यावर सायकल शिकणे आणि वाड्याच्या बोळात शिकणे यांत जो फरक, तोच येथे मोकळा तलाव आणि घळ यांत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो ते अँटिलोप घळीत. सिमेंटच्या उतारावर रंगीबेरंगी कयाक ओळीने मांडल्या होत्या. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी लोकांची नाव. पण ही नवी जात पोकळ प्लॅस्टिकची. हिच्या पोटात शिरायचे नसते, पाठीवर बसायचे असते. तळाला आरपार भोके असतात, म्हणून आत आलेले पाणी आपोआप बाहेर जाते. भोके असलेली नाव सुरक्षित कशी, हे मला पटवून घ्यायला थोडा वेळ लागला.

आमचा शिक्षक म्हणजे माझा भाचा, वय वर्षे वीस. त्याने प्रथम सर्वांना लाइफ जॅकेटे चढविली, पट्टे आवळले आणि प्रत्येकाचे जॅकेट खांद्यांशी धरून वर खेचून पाहिले. ते हनुवटीवर सरकले तर ढिले. तेथे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते नावेत सतत अंगात घालणे कायद्याने सक्तीचे आहे. मोठ्यांनी नावेत ठेवले तरी चालते म्हणे. पण पाण्यात पडल्यावर जॅकेट अंगात चढविणे हे धावत्या गाडीत सदऱ्याला गुंडी शिवण्याइतकेच सोपे असणार! ज्याच्या नावाचा हा तलाव, तो जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली नऊ माणसे आणि चार नावा घेऊन या अज्ञात नदीतून उतरला. १८६२ च्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. तो पुढारी होता, धाडसी होता, आणि जीवरक्षक जाकीट घालीत होता. यापुढे आणखी काय सांगावे?

मग वल्ह्याचा धडा. वल्हे डोक्यावर आडवे धरायचे. कोपरे काटकोनात आली की हातांची जागा बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. पाते पावलांजवळ पाण्यात घालायचे आणि कमरेशी येताच बाहेर काढायचे. सगळे नवशिके दंडाच्या जोरावर ओढतात आणि दहा मिनिटांत थकतात. जोर हवा तो कमरेपासून वरच्या अंगाचा. जात्यावर बसलेल्या बाईचे धड जसे फिरते तसा. वळायचे तर उलट बाजूला वल्ह्याने मोठी कमान काढायची. "मामा, वल्ह्याकडे नको बघू, समोरच्या कड्याकडे बघ. नाव आपोआप तिकडं जाते," भाचा म्हणाला, आणि खरोखरच गेली.

दोघांच्या कयाकला तिकडे विनोदाने 'घटस्फोटाची नाव' म्हणतात. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने दिशा सांभाळायची, आणि दोघांनीही एकमेकांना शिकवायचे नाही. सौ. पुढे बसली. तिचा ताल उत्तम होता. दिशेविषयी तिची मते होती.

घळीच्या तोंडापर्यंत मात्र मैल-दीड मैल मुख्य तलावातून जावे लागते, आणि खरी परीक्षा तेथेच. मोटारबोटी जातात, त्यांच्या लाटा एका कड्यावर आपटून परततात, दुसऱ्यावर आपटतात आणि मध्ये पाणी नुसते खदखदते. लाट आली की तिला नाकासमोर घ्यायचे आणि वल्हे थांबवायचे नाही. म्हणूनच निघायचे ते सूर्योदयाच्या सुमारास, बोटी आणि वारे उठण्यापूर्वी. ज्यांना सकाळचा चहा सावकाश लागतो त्यांनी या भानगडीत पडू नये. वसंत ऋतूत तर वारे अधिक, आणि हवा उबदार असली तरी पाणी हाडे गोठविणारे. सप्टेंबर-ऑक्टोबर नवशिक्याला उत्तम.

घळीत वळलो आणि आवाज एकदम बंद झाला. वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा तेवढा उरला. हा खडक म्हणजे सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दबून दगड झालेल्या. वाऱ्याने रचलेले थर तिरपे तिरपे अजून दिसतात. रंग तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखा. पण पाण्यालगत, डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत, पांढराफटक पट्टा. खाऱ्या पाण्याच्या बादलीला चढतो तसला हा क्षार. पूर्वी पाणी कोठवर होते याची खूण. २०२३ च्या आरंभी पाणी पूर्ण पातळीच्या सुमारे १८० फूट खाली गेले होते. बर्फ कमी, उष्मा अधिक आणि नदीवर हक्क सांगणारी राज्ये सात, ही त्याची कारणे.

पाणी उतरते तसे बुडालेले वर येते. ग्लेन कॅनियन बुडाले त्याच १९६३ साली एलियट पोर्टर या छायाचित्रकाराचे त्यावरील पुस्तक निघाले. 'कोणाला ठाऊक नसलेली जागा' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. त्या दरीतली 'कॅथीड्रल इन द डेझर्ट' ही भव्य कपार २००५ साली पुन्हा उघडी पडली आणि लोक ती पाहायला नावांतून धावले. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे देऊळ पाहायला आपली माणसे जातात, तसेच. आमच्या कयाकखाली किती फूट पाणी होते आणि त्याखाली काय होते, हा विचार मनात आला तेव्हा मी जॅकेटचा पट्टा उगाचच पुन्हा चाचपला.

घळ अरुंद होत जाते. शेवटी हात पसरले तर दोन्ही वल्ह्यांची टोके खडकाला लागतील अशी स्थिती येते. येथे सगळे किती सुरक्षित आहे असे वाटू लागते, आणि नेमके येथेच आकाशाकडे पाहायचे असते. जुलै ते सप्टेंबर हा तिकडचा वळवाचा मोसम. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच घळीच्या वरच्या, कोरड्या भागात अकरा प्रवासी लोंढ्यात वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर म्हणण्यासारखा पाऊस नव्हता. तो पडला होता कित्येक मैल दूर, आणि दगडी जमिनीवरून सगळा या भेगेत उतरला. या घळीच्या आणखी वरच्या भागाला नवाहो लोकांनी जे नाव दिले आहे, त्याचा अर्थच मुळी 'पाणी खडकांतून वाहते ती जागा' असा आहे. क्षितिजावर कोठेही काळा ढग दिसला की मार्गदर्शक सहली रद्द करतात. पैसे बुडाले म्हणून त्यांच्याशी वाद घालणारे प्रवासी मी पाहिले नाहीत. असतील तर ते आपल्याकडचे नसोत.

पाणी संपते तेथे उतरताना पायांत बूट हवेत. क्वागा नावाच्या परक्या शिंपल्यांनी हा तलाव ग्रासला आहे आणि त्यांची कवचे पात्यासारखी कापतात. म्हणूनच बाहेर पडणारी प्रत्येक नाव धुऊन, निथळून, वाळवून नेण्याचा नियम आहे. आधी वल्हे टेकून चिखल अजमावायचा, मगच पाय टाकायचा. तेथून घळीत थोडे चालत जाता येते; पुढे नवाहोंची हद्द लागते, आणि त्यांच्या परवानगीवाचून तेथून पाऊल पुढे टाकता येत नाही.

आम्ही कयाक ओढून वाळूवर ठेवल्या आणि ताईने डब्यातले थालीपीठ काढले. भाचा मात्र भिंतीवर काहीतरी शोधीत होता. गेल्या खेपेला तो याच वळणावर आला तेव्हा त्याने ज्या कोनाड्याला हात लावला होता, तो आता त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर होता. "तेव्हा इथं नाव बांधली होती," तो म्हणाला, आणि थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकून पाणी आता कोठे संपते आहे ते पाहायला परत खाली गेला.